मद्य वाढणाऱ्यांच्या किमान वयाची अट खाली आल्यावर रेस्टॉरंटने करावयाची तयारी

रेस्टॉरंटमधील मद्याच्या बाबतीत कायदा दोन निरनिराळी वये पाहतो आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. एक वय मद्य मागवणाऱ्या ग्राहकाचे आणि दुसरे ते मद्य टेबलावर आणून देणाऱ्या कर्मचाऱ्याचे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने महामार्गांसाठीचा निधी रोखण्याचा धाक घालून सर्व राज्यांना मद्यखरेदीचे किमान वय २१ करायला लावले. परंतु परवानाधारक ठिकाणी नोकरीचा भाग म्हणून मद्य हाताळणाऱ्या तरुणांना त्यातून वगळले. त्यामुळे तेथील अनेक राज्यांत अठरा वर्षांचा वेटर स्वतःसाठी बिअर विकत घेऊ शकत नाही, पण तीच बिअर ग्राहकापुढे ठेवू शकतो. पुढील मजकूर या दुसऱ्या वयाविषयी आहे. आपल्या भागात ही अट खाली आली असेल किंवा येऊ घातली असेल, तर मालकाने आणि व्यवस्थापकाने काय करावे, हे त्यात सांगितले आहे.

किमान वयाची अट ही कायद्याने केलेली एक ढोबळ सोय असते. अमुक वर्षे पूर्ण केलेल्या माणसाला समोरच्याचे वय तपासता येईल, पिण्याचा अतिरेक ओळखता येईल आणि वेळ आली तर नकार देता येईल, एवढे ती गृहीत धरते. अट खाली आली की हे गृहीतक आणखी कच्चे होते, आणि वयावर सोपवलेली जबाबदारी रेस्टॉरंटच्या रोजच्या व्यवस्थेवर येऊन पडते. अठरा वर्षांच्या तरुणाने जेवणाच्या टेबलावर मद्य वाढण्यात मला स्वतःला काही गैर वाटत नाही. सोळा वर्षांच्या मुलामुलींविषयी मात्र माझे मन अजून तयार होत नाही. परंतु वय कोणतेही असो, करावयाची तयारी एकच आहे आणि ती नवा नियम लागू होण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी.

नियम शब्दशः वाचणे

बातमीत ‘वय कमी झाले’ एवढेच छापून येते. प्रत्यक्ष नियमात मात्र कोणते काम, कोणत्या जागी, कोणत्या वेळी आणि कोणाच्या देखरेखीखाली, अशा अटी एकात एक गुंतलेल्या असतात. ऑर्डर लिहून घेणे, भरलेला ग्लास नेणे, ग्राहकासमोर बाटली उघडणे, माप घेऊन ओतणे, कॉकटेल मिसळणे, मद्याचे पैसे घेणे आणि साठ्याच्या खोलीतून खोकी आणणे ही कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळी कामे असू शकतात. बऱ्याच ठिकाणी टेबलापर्यंत मद्य नेण्याचे वय कमी असते आणि काउंटरमागे उभे राहून ते ओतण्याचे वय जास्त असते.

अमेरिकेतील आयोवा राज्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे १ जुलै २०२३ पासून सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांना रेस्टॉरंटमध्ये मद्य वाढण्याची मुभा मिळाली. परंतु त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते, स्वयंपाकघर सुरू असतानाच ते काम करता येते, त्या भागात किमान दोन प्रौढ कर्मचारी हजर असावे लागतात आणि लैंगिक छळ रोखण्याविषयीचे प्रशिक्षण द्यावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार अठरा वर्षांखालील कर्मचाऱ्याने केलेल्या मद्याच्या प्रत्येक विक्रीला जबाबदार प्रौढ व्यक्तीची मंजुरी लागते, मात्र टेबलावरील जेवणासोबत त्यासाठीच राखलेल्या भागात दिलेल्या मद्याला ही अट लागू होत नाही. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच कर्मचाऱ्याला, जेवणाच्या दालनात जे करता येते ते बारच्या भागात परस्पर करता येत नाही.

म्हणून मूळ नियम मिळवावा, तो वकिलाकडून किंवा परवाना विभागाकडून समजून घ्यावा आणि आपल्या परवान्यावर छापलेल्या अटींशी ताडून पाहावा, कारण परवान्याच्या अटी सर्वसाधारण नियमापेक्षा कडक असू शकतात. विम्याची कागदपत्रेही याच वेळी काढावीत. कमी वयाच्या कर्मचाऱ्याने दिलेल्या मद्यामुळे घडलेल्या घटनेला विमा लागू होतो की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

यानंतर एक तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव, ओळखपत्रावरून पडताळलेली जन्मतारीख आणि त्याला करता येणारी कामे लिहावीत. हा तक्ता पाळी लावणाऱ्याच्या हाताशी असावा. तो व्यवस्थापकाच्या कपाटात बंद राहिला, तर गर्दीच्या रात्री जो मोकळा दिसेल त्याला काउंटरमागे उभे केले जाते आणि नियम तिथेच मोडतो.

कोणाला हे काम द्यावे

वयाची अट पूर्ण झाली म्हणजे मद्य वाढण्याची पात्रता आली, असे मानू नये. ज्याने काही महिने केवळ जेवण वाढले आहे, ज्याला आपल्या सेक्शनमधील टेबले एकाच वेळी ध्यानात ठेवता येतात आणि चुकलेली ऑर्डर जो लपवत नाही, त्यालाच प्रथम निवडावे. यातील शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे, कारण मद्याच्या बाबतीत लपवलेली चूक रस्त्यावर जाऊन कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

कर्मचाऱ्याची इच्छाही विचारावी, आणि ती त्याला एकट्याला बोलावून विचारावी. धर्म, घरातील अनुभव किंवा नुसती नावड यांमुळे एखाद्याला हे काम नको असू शकते. अशा व्यक्तीची पाळी किंवा पगार कमी होणार नाही, हे आधीच सांगावे. मद्याच्या टेबलावर बिल मोठे होते आणि त्याबरोबर टीपही मोठी मिळते. त्यामुळे नकार देणाऱ्याचे नुकसान होते. जिथे टीप एकत्र करून वाटली जाते तिथे ही अडचण बरीचशी सुटते.

प्रशिक्षणात काय असावे

वय आणि प्रशिक्षण यांपैकी कशाने अधिक फरक पडतो, असे कोणी विचारले तर अमेरिकेतील ओरेगन राज्याचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तेथे १९८० च्या दशकात मद्य वाढणाऱ्यांसाठी प्रशिक्षण सक्तीचे झाले. हॅरॉल्ड होल्डर आणि अलेक्झांडर वॅगेनार या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, रात्रीच्या वेळी एकाच वाहनाला होणारे अपघात, ज्यांत चालक प्यायलेला असण्याची शक्यता मोठी असते, ते तीन वर्षांच्या अखेरीस सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले होते. प्रशिक्षणाचा खर्च टाळू पाहणाऱ्या मालकाने ही संख्या लक्षात ठेवावी.

पहिला धडा मोजमापाचा असावा. पेयाचे मिलिलिटर, त्यातील मद्यार्काची टक्केवारी आणि ०.७८९ ही मद्यार्काची घनता यांचा गुणाकार करून शंभराने भागले की त्या पेयात शुद्ध मद्यार्क किती ग्रॅम आहे ते कळते. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे १३ ग्रॅम, १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे सुमारे १४ ग्रॅम आणि ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा ४५ मिलिलिटरचा पेगही सुमारे १४ ग्रॅम. पण ८ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ४१ ग्रॅमपर्यंत जाते. नवशिक्या वाढप्याला ‘एक बिअर’ आणि ‘एक पेग’ सारखेच वाटतात. हे गणित त्याच्याकडून कागदावर चार वेळा करून घेतले की ‘यांनी एकच तर बाटली घेतली आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा येत नाही. ‘एक प्रमाण पेय’ म्हणजे किती, हे देशागणिक बदलते. ब्रिटनमधील युनिट ८ ग्रॅमचे, ऑस्ट्रेलियातील प्रमाण पेय १० ग्रॅमचे आणि अमेरिकेतील १४ ग्रॅमचे आहे. म्हणून इंटरनेटवर सापडलेला कोणताही तक्ता भिंतीवर लावण्याआधी तो कुठला आहे ते पाहावे.

दुसरा धडा शरीराचा. रिकाम्या पोटी मद्य रक्तात लवकर मिसळते आणि पोटात अन्न असले तर हळू, परंतु शेवटच्या घोटानंतरही रक्तातील प्रमाण काही काळ वाढत राहू शकते. याचा अर्थ असा की ग्राहक आत्ता जसा दिसतो त्याहून अर्ध्या तासाने अधिक झिंगलेला असू शकतो, आणि पुढील पेग देताना विचार त्या अर्ध्या तासानंतरच्या अवस्थेचा करायचा असतो. यकृत आपल्या गतीने काम करते. रक्तातील मद्यार्क सर्वसाधारणपणे ताशी १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरतो. कॉफी, गार पाणी किंवा मोकळी हवा यांनी हा वेग वाढत नाही. कॉफी पाजून ग्राहकाला ‘ठीक’ करून गाडीपर्यंत सोडणे ही सद्भावनेने केलेली, पण घातक चूक आहे, आणि ती अनुभवी कर्मचाऱ्यांकडूनही होते.

तिसरा धडा निरीक्षणाचा आहे. त्यासाठी हिरवा, पिवळा आणि लाल अशी तीन रंगांची पद्धत सोपी पडते. बोलणे-वागणे नेहमीसारखे असेल तर हिरवा. आवाज चढणे, एकच गोष्ट पुन्हा सांगणे, शेजारच्या टेबलाशी सलगी करणे, पिण्याचा वेग वाढणे ही लक्षणे दिसली तर पिवळा. शब्द अडखळणे, तोल जाणे, नोटा किंवा कार्ड हाताळता न येणे दिसले तर लाल. वाढप्याने पुढील ऑर्डर घेण्यापूर्वी केओटीच्या, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, कोपऱ्यात रंगाचे अक्षर लिहावे. पिवळ्यावर वेग कमी करायचा, पाणी आणि खाण्याचे पदार्थ पुढे करायचे, कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठाला, कळवायचे. लालवर मद्य थांबवायचे. तरीही आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे एखाद्याची चाल अथवा बोलणे तसे असू शकते, हेही शिकवावे. म्हणूनच ग्राहक आल्या क्षणी त्याच्याशी चार शब्द बोलणे महत्त्वाचे आहे. सुरुवात कशी होती हे ठाऊक असेल तरच झालेला बदल ओळखता येतो.

आणखी एक अडचण फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. जो कर्मचारी कायद्याने मद्य पिऊ शकत नाही, त्याने ‘ही वाइन कशी आहे?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? त्याला चव घ्यायला लावणे हा गुन्हा ठरू शकतो आणि न चाखता वर्णन करणे हा खोटेपणा होतो. यावर उपाय असा की अनुभवी सहकाऱ्याने प्रत्येक पेयाच्या दोन-तीन ओळींच्या टिपा लिहून द्याव्यात आणि तरुण वाढप्याने मोकळेपणाने ‘आमचे बारटेंडर या वाइनचे वर्णन असे करतात’ असे सांगावे. ग्राहकाला हा प्रामाणिकपणा आवडतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

ओळखपत्र आणि ओळखीचे चेहरे

वय मोजण्यात गोंधळ होतो तो वजाबाकीमुळे. रोज सकाळी गल्ल्याजवळ आणि प्रत्येक सेक्शनच्या फळीवर एकच तारीख लिहून ठेवावी: जिच्यानंतर जन्मलेल्याला आज मद्य देता येणार नाही ती तारीख. मग ओळखपत्रावरील तारीख आणि फळीवरील तारीख यांची फक्त तुलना उरते. ओळखपत्र हातात घेऊन पाहावे, मोबाइलवरील छायाचित्र आपल्या भागात कायद्याने ग्राह्य असेल तरच स्वीकारावे आणि मुदत संपलेली आहे का तेही पाहावे. ब्रिटनमध्ये मद्य विकत घेण्याचे वय १८ असले तरी पंचविशीखालचा दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची पद्धत रूढ आहे. तिचा फायदा असा की अठरा आणि एकोणीस यांतील फरक चेहऱ्यावरून ओळखण्याचे अशक्य काम वाढप्यावर येत नाही.

तरुण वाढप्याच्या बाबतीत खरी परीक्षा अनोळखी ग्राहकाची नसते. ती त्याच्या वर्गमित्रांची असते. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या टेबलावर त्याचे चार मित्र येऊन बसले. त्यांपैकी दोघे वयाने लहान आहेत हे त्याला पक्के माहीत होते. पण कॉलेजात तोंड दाखवायचे होते, आणि अशा वेळी काय करायचे ते आम्ही कोणी त्याला सांगितलेले नव्हते. त्याने चौघांनाही बिअर दिली. दोष त्याचा होता तसा आमचाही होता, आणि मला तर आमचाच अधिक वाटतो. त्यानंतर आम्ही नियम केला की ओळखीचा माणूस टेबलावर दिसताच वाढप्याने ते टेबल दुसऱ्याकडे द्यावे आणि त्याबद्दल त्याला कोणीही एक प्रश्नही विचारू नये. त्यामुळे ‘माझे नाही ते टेबल’ एवढे म्हणून त्याची सुटका होते आणि मैत्रीही टिकते.

नकाराचा अधिकार

या सर्व तयारीत एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन: मद्य थांबवण्याचा अधिकार सर्वांत लहान कर्मचाऱ्यालाही असावा आणि तो निर्णय त्या पाळीत कोणीही, मालकानेसुद्धा, फिरवू नये. वरिष्ठाला मद्य थांबवता येईल. कनिष्ठाने थांबवलेले पुन्हा सुरू करता येणार नाही. हा नियम लेखी असावा आणि मालकाने तो सर्वांसमोर वाचून दाखवावा. नेहमीचा, मोठे बिल करणारा ग्राहक चिडला म्हणून व्यवस्थापकाने एकदा जरी ‘जाऊ दे, एक देऊन टाक’ असे म्हटले, तरी त्या रात्रीपासून कोणताही तरुण वाढपी नकार देण्याच्या फंदात पडणार नाही.

नकाराचे शब्द आधी ठरवून ते मोठ्याने म्हणून घ्यावेत, कारण मनातल्या मनात पाठ केलेले वाक्य चिडलेल्या माणसासमोर आठवत नाही. प्रशिक्षणात एकाने ग्राहक व्हावे, आवाज चढवावा, ओळख सांगावी, पैशाचा तोरा दाखवावा आणि दुसऱ्याने शांतपणे म्हणावे, ‘माफ करा, यानंतर आपल्याला मद्य देणे मला शक्य होणार नाही. जेवण आणि पाणी लगेच आणतो.’ यात ‘आपल्याला चढली आहे’ असा आरोप नाही, ‘साहेब रागावतील’ असा बहाणा नाही आणि घासाघिशीला जागाही नाही. हे बोलताना ग्राहकाच्या जवळ, शक्यतो बाजूला उभे राहावे, म्हणजे बाकीच्या टेबलाला ऐकू जात नाही. टेबलावर यजमान असेल तर आधी त्याच्या कानावर घालावे; पुष्कळदा तोच पुढचे काम करतो. वाढपी टेबलापासून निघताच कॅप्टनने तेथे जावे आणि त्यानंतरचा संवाद स्वतःकडे घ्यावा. वाढप्याने पुन्हा त्या टेबलावर एकट्याने जाऊ नये.

ग्राहक निघण्याच्या बेतात असेल तर तो घरी कसा जाणार, हे विचारणे हाही याच कामाचा भाग आहे. टॅक्सी बोलावून द्यावी, सोबतच्या न प्यायलेल्या व्यक्तीशी बोलावे आणि तरीही तो गाडी चालवायला निघालाच तर पोलिसांना कळवण्याचा निर्णय व्यवस्थापकाने घ्यावा. हा निर्णय अठरा वर्षांच्या मुलावर टाकू नये.

वाढणाऱ्याची सुरक्षितता

प्यायलेल्या ग्राहकाची नजर, स्पर्श आणि शेरे यांना सर्वांत आधी तोंड द्यावे लागते ते वयाने सर्वांत लहान कर्मचाऱ्याला. या धोक्यावर काम नाकारणे हा उपाय नव्हे. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याच्या कलम ३० ने जिथे लोक मद्य पितात अशा जागी २५ वर्षांखालील पुरुषांना आणि कोणत्याही वयाच्या स्त्रियांना नोकरी देण्यास मनाई केली होती. स्त्रियांवरील ती बंदी घटनाबाह्य ठरवणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात कायम ठेवला. संरक्षणाच्या नावाखाली स्वातंत्र्यावर बंधने घालण्याऐवजी सुरक्षित परिस्थिती निर्माण करावी, हा त्या निकालाचा गाभा आहे आणि रेस्टॉरंटच्या मालकालाही तो तंतोतंत लागू होतो.

ती परिस्थिती छोट्या छोट्या गोष्टींतून तयार होते. एक ठरलेला शब्द किंवा खूण असावी, जी ऐकताच किंवा पाहताच जवळचा सहकारी टेबलावर येईल. कमी वयाच्या कर्मचाऱ्यांना खासगी दालनातील मद्याच्या पार्ट्या देऊ नयेत. बंद करण्याच्या वेळी त्यांना एकटे ठेवू नये आणि उशिराची पाळी असेल तर घरी पोहोचण्याची सोय पाहावी. पाळी संपल्यावर कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून पिण्याची प्रथा अनेक ठिकाणी असते. तिच्यात कायद्याने पिण्याचे वय न झालेल्यांना ओढले जाते. ज्या दिवशी अशी मुले कामावर आहेत त्या दिवशी ही प्रथा आवारात बंद ठेवावी.

पहिले काही आठवडे

नोंदवहीत प्रत्येक नकार, प्रत्येक नाकारलेले ओळखपत्र आणि प्रत्येक भांडण तारीख, वेळ आणि साक्षीदार यांसह त्याच रात्री लिहावे. आठवडाभराने वही उघडून सर्वांसोबत बसावे. वहीत एकही नकार नसेल तर समाधान मानू नये. गर्दीच्या ठिकाणी शून्य नकार म्हणजे बहुधा कोणी पाहतच नव्हते. एकाच वाढप्याच्या नावावर सगळे नकार असतील तर बाकीच्यांना पुन्हा प्रशिक्षणाची गरज आहे.

पहिला महिनाभर प्रत्येक नव्या वाढप्यासोबत एक अनुभवी कर्मचारी जोडून द्यावा आणि त्या दोघांचे सेक्शन शेजारी ठेवावेत. त्यानंतर त्या तरुणाला पुन्हा एकट्याला बोलावून विचारावे की हे काम त्याला पुढे करायचे आहे का. काही जण ‘नको’ म्हणतील. त्यांना त्याच आठवड्यात पूर्वीच्या कामावर, पूर्वीच्याच पगारावर परत जाऊ द्यावे आणि तक्त्यातील त्यांच्या नावापुढची नोंद बदलावी.